मला हिरडी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, माझ्या डोक्यावर कावळे बसत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सराव-खोलीत मी पलंगावर पडून असतो. माझ्यावर हात बसला की मुले खऱ्या माणसांना हात लावतात.

आत्मवृत्त जन्मापासून सरळ सांगायचे असते. पण मी सुट्ट्या भागांचा आहे. तसेच सांगतो.

कातडी. कारखान्यात रबराचे एकच पिंप होते, फिकट गुलाबी. आम्ही सगळे त्यातूनच निघालो. मला वाटले, माणसे याच रंगाची असतात.

ओठ. माझा मानाचा भाग. आत बारीक दिवा आहे. श्वास कोंडला की ओठ निळे होतात. मोठे सर दरवर्षी सांगत, "ओठ निळे दिसले की धावा. नाही दिसले तर उगाच आरडाओरडा नको." बारा वर्षे मुलांनी माझे ओठ पाहून शाबासकी मिळवली. मी फुशारून गेलो.

हिरडी. नाही. बनवलीच नव्हती.

प्रवेशाच्या मुलाखती माझ्याच खोलीत होत. एकदा एक काळीसावळी मुलगी आली. माझा दिवा लावून सरांनी विचारले, "याला काय झालंय?"

तिने माझा खालचा ओठ ओढला आणि आत पाहू लागली. आत नुसते रबर.

"अगं, निळे ओठ समोर दिसतायत. आत काय दात मोजतेस?"

"सर, माझी आत्या सुईण आहे. ती हिरडीच बघते. आमच्या ओठांवर निळं कळत नाही."

"बरं. घरात डॉक्टर कोण आहे?"

"कोणी नाही."

शेजारचे परीक्षक हसले. "मग आत्याबाईंनाच घेऊ या!"

तिचे नाव प्रतीक्षायादीत सर्वांत खाली गेले. मला हिरडी असती तर ती तिथेच खरी ठरली असती. मी नुसता आ वासून पडून राहिलो. पुढे कोणीतरी दुसरीकडे गेले, जागा सुटली, म्हणून ती आत आली. केवळ म्हणून.

गाल. रोज दुपारी सफाईवाल्या मावशी मला पुसत. त्याही तिच्याच रंगाच्या. "काय जावईबापू, आज किती वेळा मेलात?" असे विचारत आधी डावा गाल पुसत, मग उजवा.

एका दुपारी मावशी हातातल्या फडक्यासकट खाली बसल्या. त्यांना श्वास पुरेना. शेवटच्या वर्षाची दोन मुले धावत आली. हुशार मुले, माझ्यावर शिकलेली. त्यांनी मावशींचे ओठ पाहिले.

"निळे नाहीयेत. घाबरल्यात फक्त. मावशी, पाणी प्या, बरं वाटेल."

दहा मिनिटे ती मुले पाणी पाजत राहिली. माझा दिवा कोणीतरी बंद करायला विसरले होते. पलंगावर माझे ओठ छान निळे दिसत होते.

मग ती मुलगी आली. तिने मावशींचा ओठ ओढला.

"हिरड्या बघा, निळ्या पडल्यात! ऑक्सिजन आणा! तोंड काय बघताय माझं?"

मावशी वाचल्या. पण त्या दहा मिनिटांत त्यांच्या आठवणीतून काहीतरी गेले, ते परत आले नाही.

आता तीन रंगांचे नवे पुतळे आले आहेत, हिरड्यांसकट. 'घरात डॉक्टर कोण?' हे मुलाखतीत विचारत नाहीत. मी कोपऱ्यात आहे. रीतीप्रमाणे मी म्हणायला हवे, मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मला नका जपू. ज्यांच्याकडे कसे पाहायचे हे मी तुम्हाला शिकवले नाही, त्यांना जपा. आणि कोणी वेगळ्याच जागी पाहू लागले, तर हसण्याआधी तुम्हीही तिथे वाकून पाहा.

मावशी अजून येतात. माझा डावा गाल पुसतात, मग पुन्हा डावाच. दारात ती मुलगी दिसली की विचारतात, "नवीन आलीस का गं?"

ती रोज म्हणते, "हो मावशी. आजच प्रवेश मिळाला."