टाचा उचल!

वॅपल काउंटीत शेरिफच्या हाताखालचा डेप्युटी, म्हणजे जिल्ह्याचा पोलीस, व्हायला काय काय लागतं, हे त्या उन्हाळ्यात शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत, शाळा पास हवी, गाडी चालवता यायला हवी, नावावर गुन्हा नको आणि बिऱ्हाड काउंटीच्या हद्दीत हवं. ट्रूडी होलूबपाशी हे सगळं होतं. खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोरसुद्धा ती बसून आली. तिथे कोणी विचारलेलं नसताना, शाळेत असताना चर्चच्या जेवणातले ताटभर गोड कोलाचे पाव टेबलाखाली बसून एकटीने फस्त केल्याचं तिने कबूल करून टाकलं, तेव्हा यंत्र चालवणाऱ्या माणसाला हसू आवरेना. राहता राहिला बर्नार्ड.

बर्नार्ड म्हणजे वाळू भरलेला जाड कापडाचा बाहुला. वजन एकशे पासष्ट पौंड आणि स्वभाव अत्यंत आडमुठा. त्याच्या काखेत हात घालून, उलट्या पावलांनी चालत, त्याला साठ फूट ओढत न्यायचं, तेही मिनिटाच्या आत. उलटलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढता आला पाहिजे, म्हणून ही परीक्षा. ट्रूडी उभी राहिली की तिचं डोकं शेरिफच्या छातीवरच्या बिल्ल्याला लागायचं, एवढाच तिचा जीव.

पण हौस मात्र आभाळाएवढी. ती सहा वर्षांची असताना एमिलमामाची गुरं कुंपण मोडून हमरस्त्यावर आली होती. तेव्हा एक डेप्युटी गाडीतून उतरला, त्याने टोपी काढली, टोपीत मका ओतला आणि लग्नाच्या वरातीपुढे चालावं तसा चालत अख्खा कळप घरी घेऊन गेला. दोन्ही बाजूंना ट्रक उभे, ड्रायव्हर टाळ्या वाजवताहेत. ट्रूडीने त्याच दिवशी ठरवलं. पुढे मोठी झाल्यावर तिला कळलं की डेप्युटीला कोर्टाचे कागद पोचवावे लागतात, कैद्यांना जेवण द्यावं लागतं, हिमवादळात म्हाताऱ्यांची दारं ठोठावावी लागतात आणि नवराबायकोच्या भांडणात दोघांच्याही शिव्या खाव्या लागतात. तरी तिचं मन काही हललं नाही. धान्याच्या कोठारात ट्रक मोजता मोजता ती एकोणतीस वर्षांची झाली, आणि एक म्हातारा डेप्युटी निवृत्त होऊन जागा एकदाची रिकामी झाली.

मग काय, सगळं गाव कामाला लागलं. दर रविवारी प्रार्थना संपली की चर्चसमोरच्या खडीच्या मैदानात रांग लागायची. "पुढचा कोण?" ट्रूडी ओरडायची, आणि कोणीतरी हसत हसत उताणं पडायचं. औषधवाला पडला, चर्चमध्ये गाणाऱ्या बाया पडल्या, पास्टरसाहेब तर झग्यासकट पडले. एमिलमामा भलताच जाडजूड, तरी तो दोनदा पडायचा.

"अगं पोरी, तू मला उशीसारखं ओढतेस! बर्नार्डची काय बिशाद!" तो म्हणायचा.

साऱ्यांनी मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मे महिन्यात परीक्षा झाली. बर्नार्ड चारदोन पावलं सरकला आणि बसला. ट्रूडीने ओढलं, ढकललं, शेवटी त्याला उद्देशून जे काही म्हटलं ते शेरिफ ऑरव्हिल कुंझ यांनी कागदावर उतरवलं नाही. वेळ संपली तेव्हा ती बर्नार्डच्याच पोटावर बसून मुसमुसत होती.

"ऑगस्टात जत्रेच्या दिवशी आणखी एक संधी देतो," शेरिफ म्हणाले. "तीच शेवटची. नाहीतर शेजारच्या काउंटीतला एक बाप्या इकडे बिऱ्हाड हलवायला तयार बसलाय."

आता तिच्या आईविषयी सांगायला हवं. विल्मा होलूब तीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आणि तिची बस कोणी कधी हात दाखवून थांबवली नव्हती. वेळ झाली की बस सुटली. कोणाचा बूट सुटलाय, कोणाची आजी वारलीय, काही चालायचं नाही. तीस वर्षांत बस फक्त एकदा उशिरा पोचली, आणि तेही इंजिन तापलं म्हणून. ट्रूडी चौथीत असताना एकदा धावत पळत दारातून बाहेर आली, तर पोटच्या पोरीच्या तोंडावर धूळ उडवून बस निघून गेली होती. गाव ही गोष्ट अजून सांगतं आणि सांगताना खाली बघतं.

विल्माला हे डेप्युटीचं खूळ मुळीच पसंत नव्हतं.

"का पण, आई? मला काही होईल म्हणून?"

"तुला कशाला काय होतंय! तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून. इथे निम्मी काउंटी आपली सोयरी. उद्या मामा म्हणेल, सोड गं एवढ्या वेळेला. तू सोडशील. भीड भिकेची बहीण, बाई. ज्याला नाही म्हणता येत नाही त्या माणसाने बिल्ला लावू नये, कोलाचे विकावेत."

यावर ट्रूडीने एक जोरदार शिंक दिली, कारण त्या क्षणी ती शेजारणीने गळ्यात मारलेली तीन मांजरं सांभाळत होती आणि मांजरांमुळे तिला शिंका येतात.

मे महिन्यातल्या त्या फजितीनंतरच्या रविवारी विल्मा पहिल्यांदाच खडीच्या मैदानात आली. एमिलमामाला ओढून झालं होतं. विल्मा कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिली.

"हे काय आहे?"

"काय?"

"मेलेला माणूस ओढला तर टाचांच्या दोन सरळ रेघा उमटतात. इथे खड्डे पडलेत. एमिल, बूट दाखव!"

एमिलमामाने पाय आखडते घेतले. पण टाचा झिजून पार चपट्या झाल्या होत्या. मग औषधवाल्याचे बूट, मग गाणाऱ्या बायांचे. सगळ्यांच्या टाचांना खडीचा चुरा. पास्टरसाहेबांनी झगा जरा खाली ओढून घेतला. गावातला एकूण एक माणूस प्रेमापोटी टाचा रेटत होता! ट्रूडी ओढायची आणि पडलेला माणूस गुपचूप मागून ढकलायचा. बिचारा बर्नार्डच काय तो एकटा प्रामाणिक निघाला.

"मी थोडंसंच रेटत होतो गं," एमिलमामा रडवेल्या तोंडाने म्हणाला. "मला वाटलं, बाकीचे काही रेटत नसतील."

ट्रूडी रागावली, मग हसत सुटली, मग पुन्हा रागावली. "म्हणजे मी आजवर कोणालाच ओढलेलं नाही?"

विल्माने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि ती खडीवर आडवी झाली.

"आई, तू?"

"तू डेप्युटी होऊ नयेस हे माझं मत कायम आहे. पण नापास व्हायचंच असेल तर नीट नापास हो. चल, उचल."

विल्मा अशी पडायची की बर्नार्डने शिकवणी लावावी. मान टाकलेली, हात लोंबते, टाचा मेल्या. वर तोंडाचा पट्टा चालूच. "हे ओढणं आहे का गोंजारणं? कंबर वाकव! रात्री जेवली नाहीस का?" पहिल्या दिवशी ट्रूडीने तिला जेमतेम हातभर हलवलं. जूनअखेर अर्धं अंतर. जुलैत मक्याची कणसं धरली तेव्हा साठ फूट झालं, पण मिनिट उलटून गेल्यावर. रोज संध्याकाळी विल्मा कपडे झटकत उठायची, "नाही जमायचं तुला," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पडायची.

जत्रेच्या दिवशी घोड्यांच्या खेळाच्या वाळूच्या रिंगणात सगळी काउंटी लोटली. भाजलेली कणसं, लिंबाचं सरबत, डुकरांच्या शर्यतीचा आरडाओरडा. शेरिफांनी बर्नार्डला खांद्यावर घेऊन झोकात प्रवेश केला, आणि रिंगणाच्या मधोमध बर्नार्डच्या बुडातून वाळू सुळकन निघून गेली. उन्हाळाभर गोदामात पडून होता. उंदरांनी त्याच्या पोटात संसार थाटला होता. शेरिफांच्या खांद्यावर जुन्या विजारीसारखं नुसतं कापड लोंबत राहिलं. एक उंदीर तर त्यांच्या टोपीवर चढून प्रेक्षकांना बघू लागला. लोक हसून हसून बाकांवरून घसरले.

ट्रूडी मात्र शेरिफांकडे धावली. "शेरिफ, आता?"

शेरिफांनी उंदराला खाली उतरवलं आणि नियमाचा कागद वाचला. "बाहुला नसेल तर माणूस चालेल. वजन तेवढंच, निदान एकशे पासष्ट. कोण येतंय?"

शंभर हात वर झाले. शेरिफांनी डोळे बारीक केले. टाचांची हकिकत त्यांच्याही कानावर आलेली होती. "हात खाली! मला असा माणूस हवा, जो हिला काडीची मदत करणार नाही."

साऱ्या माना एकदम वळल्या. दुसऱ्या रांगेत विल्मा होलूब चेरीची पेस्ट्री खात बसली होती.

"तुम्ही यायचं, विल्मा. आधी वजन."

"वजन? गाडीच्या लायसन्सवर लिहिलंय की. एकशे चाळीस."

"लायसन्स नको. काटा आहे."

काटा होता, पण गुरांचा. वासरं पारखायला ठेवलेला, आणि मोठ्या लाल आकड्यांनी साऱ्या मैदानाला वजन दाखवणारा. विल्मा ताठ मानेने चढली. एकशे एकाहत्तर. सारा जमाव एकदम आपापल्या कणसांकडे बघायला लागला. एमिलमामा तेवढा पुटपुटला, "आत्ताच पेस्ट्री खाल्लीय तिने."

"लायसन्सवरचा आकडा मी बघितलेला नाही," शेरिफ घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी घड्याळ हातात घेतलं.

विल्मा वाळूत आडवी झाली. ट्रूडीने काखेत हात घातले. शिट्टी वाजली.

काय ओढलं पोरीने! वाळू पायाखालून सरकत होती, तोंड लालबुंद झालं होतं, आणि विल्माच्या टाचांमागे दोन सरळ रेघा उमटत चालल्या होत्या. अर्ध्याच्या पुढे गेली. लोक उभे राहिले. दोन तृतीयांश झालं आणि ट्रूडीच्या मांड्या थरथरायला लागल्या. ती थांबते की काय असं झालं, आणि नेमकी तेव्हाच आई हलकी झाली.

एकदम हलकी. जणू कोणी मागून ढकलतंय.

ट्रूडीने खाली बघितलं. आईचे डोळे गच्च मिटलेले, मान टाकलेली, चेहरा मढ्यासारखा. आणि खाली टाचा वाळूत रुतून रेटत होत्या. एक खड्डा, दुसरा खड्डा. शेरिफ दुसऱ्या टोकाला घड्याळात बघत होते. साठ फुटांची शेवटची रेघ पाचसात पावलांवर. कोणालाच दिसलं नव्हतं. ही बाई, जिने जन्मात कोणाला सूट दिली नाही, ती सगळ्या काउंटीदेखत तिच्यासाठी लबाडी करत होती. आजवर तिला कोणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं.

"नाही," ट्रूडी म्हणाली.

"काय नाही? चल लवकर!" आई मिटल्या डोळ्यांनी कुजबुजली.

"आई, टाचा उचल!"

हे इतक्या मोठ्याने निघालं की डुकरांची शर्यतसुद्धा थबकली. ट्रूडी वळसा घालून पायांकडे गेली, आईचे दोन्ही घोटे धरले आणि तिला उलट दिशेने ओढत मागे नेऊ लागली.

"अगं ए, कुठे नेतेस मला? रेघ तिकडे आहे! ऑरव्हिल, ही वेडी झालीय!"

"घड्याळ चालू आहे, ट्रूडी!" शेरिफ ओरडले. "हे काय चाललंय?"

"रेटलं हिने! खड्ड्यांपासून पुन्हा नेते!"

पहिल्या खड्ड्यापाशी तिने घोटे सोडले, धावत डोक्याशी आली, काखेत हात घातले आणि ओढायला लागली. आता लोक ओरडत नव्हते, किंचाळत होते. औषधवाला बाकावर चढून नाचत होता. पास्टरसाहेब देवाला उद्देशून काय म्हणत होते ते देव जाणे. विल्माने दोन्ही पाय खाटेवर झोपल्यासारखे सैल सोडले होते, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. रेघ ओलांडून दोघी मायलेकी एकमेकींवर कोसळल्या.

शेरिफांनी घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. "मिनिटाच्या आत," ते म्हणाले. "नखभर आत, पण आत." त्यांनी टोपी हवेत फेकली. तिच्यातून दुसरा उंदीर पडला.

शपथविधी सप्टेंबरात कोर्टाच्या जिन्यावर झाला. बिल्ला घरच्या माणसाने लावायचा, अशी तिथली रीत. विल्मा निळा झगा घालून आली. लायसन्सवर तिने नवा आकडा घालून घेतला होता आणि तो वाटेत भेटेल त्याला दाखवला होता. बिल्ला लावताना टाचणी आधी ट्रूडीला टोचली, मग विल्माला स्वतःला.

"पायात गोळा आला होता माझ्या," ती बिल्ल्याकडे बघत म्हणाली. "जत्रेत. म्हणून पाय हलला."

"हो आई."

"हसू नकोस. खरंच गोळा आला होता." टाचणी एकदाची बसली. विल्माने बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "जसं तेव्हा इंजिन तापलं होतं."

"कधी?"

"तू चौथीत होतीस. तुला मागे टाकून आले आणि टेकडीपलीकडे बस उभी केली. पोरांना सांगितलं, इंजिन तापलंय. किती वेळ आरशात बघत बसले, आत्ता टेकडीवर दिसशील, मग दिसशील. तू आलीच नाहीस."

ट्रूडीला तो दिवस लख्ख आठवला. "मला एमिलमामाने ट्रकमधून शेतातल्या वाटेने नेलं."

"ते मला शाळेत पोचल्यावर कळलं," विल्मा म्हणाली आणि तिने लेकीची कॉलर उगाचच नीट केली. "जा आता. शेरिफ बोलावतायत. आणि पहिल्याच दिवशी उशीर केलास तर मी काही थांबणार नाही."