सातव्या पानावरची उपकारस्तुती

मंडळीचं मासिक पत्रक मंगळवारी छापून झालं आणि बिट्टी गुरुवारी सकाळी गेली. त्या दोन दिवसांचं अंतर कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिच्या बापाच्याही नाही.

बाप छापखान्यात मुद्रितशोधक होता. मजकूर मशीनवर चढण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तो इतक्या लांबून हेरायचा की छापखान्यात सगळे त्याला वेलांटीमास्तर म्हणायचे. पुढे नुसतंच मास्तर उरलं. चर्चचं पत्रक त्याच छापखान्यात निघायचं. आठ पानं, सहाशे प्रती. सातव्या पानावर 'उपकारस्तुती' नावाचं सदर असायचं. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने चार ओळी लिहून द्यायच्या. कुणाचं ऑपरेशन पार पडलेलं असायचं, कुणाला नोकरी लागलेली असायची. एका बाईंनी तर हरवलेला चष्मा फ्रिजमध्ये सापडला म्हणून आभार मानले होते. मास्तर ते सदर अकरा वर्षं तपासत होता. उद्गारचिन्हं तीन असली की दोन उडवायचा. "देवाला एक पुरतं," म्हणायचा.

त्याची बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर बसवायची. तिच्याकडे आभारांची काटकसर नव्हती. दिवसभरात सुई मोडली नाही, धन्यवाद प्रभू. लिफ्ट चालू आहे, धन्यवाद प्रभू. बिट्टी तिची हुबेहूब नक्कल करायची. "आईला शिंक आली, धन्यवाद प्रभू! दुसरी आली नाही, त्याहून धन्यवाद!" आईला हसू आवरायचं नाही, आणि हसून झालं की ती म्हणायची, "हसवलंस त्याबद्दलही."

बिट्टी सोळा वर्षांची, एकुलती एक. साध्या तापाने सुरुवात झाली. ताप उतरला, पण पोरीला जिना चढताना धाप लागायला लागली, मग बसल्या जागीही. तापाने हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नऊ दिवस ती नळ्यांच्या जंजाळात पडून होती. रविवारी घशातली नळी काढली. सोमवारी तिला साध्या वॉर्डात हलवलं आणि तिने स्वतःच्या हाताने उकडलेलं अंडं खाल्लं. समोरच्या भिंतीवर पाटी होती, 'रुग्णांना भेटन्याची वेळ'. बिट्टीने बारीक आवाजात बापाला म्हटलं, "बाबा, तुमचं गिऱ्हाईक."

मास्तर बाहेर व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडला. तिथेच बायको म्हणाली, "अहो, आजच लिहून द्या. पत्रक उद्या छापतात ना?"

"घरी आल्यावर टाकू की. पुढच्या अंकात."

"देवाने आपल्याला पुढच्या महिन्यापर्यंत थांबवलं का?" ती म्हणाली. "पोरीने आज खाल्लं. मग आजच आभार मानायचे."

तपासणीच्या कागदाच्या पाठीवर त्याने लिहिलं: 'आमची मुलगी गंभीर आजारातून बरी झाली. तिला आम्हाला परत दिल्याबद्दल प्रभूचे उपकार मानतो. कृतज्ञ आई-वडील.' पाच-सहा वेळा वाचून पाहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मजकूर त्याने फोनवरून छापखान्यात सांगितला.

मंगळवार बरा गेला. बुधवार तर त्याहून बरा. गुरुवारी सकाळी परिचारिका तिचे केस विंचरत असताना बिट्टीचं हृदय थांबलं. पाऊण तास सगळ्यांनी शर्थ केली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या म्हणाल्या, "या आजारात असं होऊ शकतं. आम्हाला वाटलं होतं, धोका टळला." मास्तरने मान डोलावली, जणू त्याला कुणी पत्ता समजावून सांगत होतं.

शुक्रवारी दफन झालं.

शनिवारी पहाटे बिछान्यात पडल्या पडल्या त्याला सातवं पान आठवलं. अंगावर जे कपडे होते त्याच कपड्यांनिशी तो निघाला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती की झोपलेली, त्याने पाहिलं नाही.

छापखाना उघडायला वेळ होता. बाइंडरीतल्या मावशी मात्र आलेल्या होत्या, पायरीवर बसून होत्या. पानांच्या घड्या घालणं, पिना मारणं, गठ्ठे बांधणं, हे सगळं त्याच करायच्या. मास्तरला पाहून त्या उठल्या.

"गठ्ठे गेले का?" त्याने विचारलं.

"नाही. उद्या सकाळी चर्चमधून येतील न्यायला." मग खाली बघत म्हणाल्या, "मी वाचलं हो, मास्तर. कालच वाचलं. कुणाला सांगावं ते सुचेना. टेबलाखाली सरकवून ठेवलेत."

छापखाना उघडला, पण पत्रक पुन्हा छापायला मशीन मोकळं नव्हतं आणि मालक गावाला गेलेला. मास्तरने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, तीन ओळी झाकतील एवढ्या. मावशींनी खळ कालवली. दोघं समोरासमोर बसली. तो सातवं पान उघडायचा, पट्टी चिकटवायचा, अंगठ्याने दाबायचा. मावशी ती प्रत पंख्याखाली वाळत घालायच्या. पहिल्या शंभर प्रतींपर्यंत त्याला बरं वाटत होतं, इतकं की त्याची त्यालाच लाज वाटली. हाताला काम होतं. सुधारता येण्यासारखी एक चूक होती.

मग एक प्रत त्याने खिडकीकडे धरली. उजेडात पट्टीखालची अक्षरं दिसत होती. 'परत दिल्याबद्दल' एवढं तर लख्ख वाचता येत होतं.

"दुहेरी लावू," मावशी म्हणाल्या.

"लावू."

अकराच्या सुमाराला बायको आली. पदर नीट होता, केस नीट होते, डोळे तेवढे सुजलेले. ती दारातच थांबली. पंख्याखाली फडफडणाऱ्या प्रती बघितल्या, टेबलावरच्या पट्ट्या बघितल्या. काय चाललंय ते तिला विचारावं लागलं नाही.

"हे कुणाला विचारून करताय?"

"विचारायचं काय त्यात? उद्या लोक वाचतील."

"वाचू देत." तिने एक प्रत उचलली आणि ओली पट्टी नखाने सोलायला लागली. कागद फाटला, पण ती थांबली नाही. "खोटं आहे का हे? तीन दिवस ती आपल्याशी बोलली. अंडं खाल्लं, पाव खाल्ला. माझ्याकडे आरसा मागितला. ते तीन दिवस कुणी दिले?"

"आणि चौथ्या दिवशी कुणी नेलं?" मास्तर म्हणाला.

मावशी उठून आत गेल्या.

"मला नका विचारू ते," बायको म्हणाली. "मला ते विचारायचंच नाहीये. मी विचारायला लागले तर मी उभी राहणार नाही. तुम्हाला कळत नाही का?"

त्याला कळत होतं. तरीही तो बोलला. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तोलून मापून लावणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडाला धरबंध राहिला नाही. "मी म्हणत होतो थांबू. घरी आली की टाकू म्हणत होतो. घाई तुला झाली होती. गाजावाजा तुला करायचा होता."

छापील कागदाने कुणाचा जीव जात नसतो, हे त्यालाही माहीत होतं. शब्द बाहेर पडताक्षणी ते त्याला पुन्हा कळलं. पण बायकोचा चेहरा असा झाला, की तिनेही दोन रात्री हेच घोकलं असावं. कुणीतरी मोठ्याने म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तिने प्रत हळूच टेबलावर ठेवली. "राहू द्या तसंच," ती म्हणाली. "खाली माझीही सही आहे." आणि गेली.

मावशी बाहेर आल्या तेव्हा तो हात मांडीवर ठेवून बसला होता. दोन-अडीचशे प्रतींवर पट्ट्या लागल्या होत्या. "उरलेल्यांचं काय करायचं, मास्तर?" त्याने पट्टीच्या आणि बिनपट्टीच्या प्रती एकत्र केल्या आणि सुतळीने गठ्ठे बांधले. कुणाच्या हाती काय पडेल याची त्याने फिकीर सोडून दिली.

रविवारी तो चर्चमध्ये गेला तो बायको निघाली म्हणून. ती पायात चप्पल घालत होती. तिला एकटीला जाऊ देणं त्याच्याच्याने झालं नाही, इतकंच. पाळकसाहेबांनी दोघांचे हात हातात घेतले. लोकांनी पुढच्या बाकावर जागा करून दिली. पत्रक प्रत्येकाच्या हातात होतं, आणि आपापल्या प्रतीचं सातवं पान प्रत्येकाने एव्हाना पाहिलेलं असणार, कारण कुणीच ते उघडत नव्हतं.

स्तुतिगीत सुरू झालं. बायको उभी राहिली आणि गायली. एक शब्दही न गाळता, नेहमीच्या खणखणीत आवाजात. तो तिच्या गळ्याची शीर ताणलेली बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या आत काहीच नव्हतं. राग असता तर निदान देवाशी भांडता आलं असतं. तिथे भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

उपासना संपली. आवारात माणसं घोळक्याने उभी होती. इतक्यात वरच्या गल्लीतल्या आजी काठी टेकत, धापा टाकत त्यांच्याकडे आल्या. महिनाभर त्या लेकाकडे राहून आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या; बिट्टी आजारी असल्याचं तेवढं त्यांना तिकडे कळलं होतं. कानाने जवळजवळ बहिऱ्या, त्यामुळे पाळकसाहेब वेदीवरून काय बोलले ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. एका हातात पत्रक होतं, त्यात बोट घालून पान धरून ठेवलेलं. त्यांच्या प्रतीवर पट्टी नव्हती.

त्यांनी बायकोचा हात धरला. तोंडभर हसू. "वाचलं गं बाई, आत्ताच वाचलं! प्रभूची स्तुती असो! पोरगी कुठंय? आणली नाहीस?"

बायकोने तोंड उघडलं. "आजी, ती..." एवढंच. काल जिने छातीठोकपणे सांगितलं होतं की वाचू देत, तीच तिथे खाली बसू लागली. शेजारच्या दोघींनी तिला दंडाला धरलं.

मास्तर पुढे झाला. "आजी, ती गेली."

"आँ?"

"गेली ती! गुरुवारी गेली!" त्याला ओरडावं लागलं. सगळं आवार वळून बघायला लागलं.

आजींचा चेहरा उजळला. "गेली? घरी गेली? अगंबाई, इतक्या लवकर सोडली! धन्यवाद, प्रभू, धन्यवाद!"

तीन दिवस त्या घरात एक शब्द कुणी उच्चारला नव्हता. गेली म्हणत होते, सोडून गेली म्हणत होते, प्रभूकडे गेली म्हणत होते. मास्तरने आजींच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मेली, आजी! मेली ती!"

आजींच्या हातातलं पत्रक खाली पडलं. ते कुणीच उचललं नाही.

घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. शेजारणीने टेबलावर पाव, सूप आणि शिजवलेली भाजी झाकून ठेवली होती. त्याने ताटं मांडली. दोन. नेहमी प्रार्थना ती करायची. बावीस वर्षांत एकही जेवण त्याशिवाय झालं नव्हतं. आज ती ताटाकडे बघत होती आणि हात मांडीवर उताणे पडलेले होते. सुपावर साय धरली.

"तुम्ही म्हणा," ती म्हणाली.

"मला नाही जमणार."

"मग राहू दे. मला भूक नाहीये."

गुरुवारपासून तिने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, हे तो जाणून होता. प्रार्थना झाल्याशिवाय ती घास उचलणार नाही, हेही. त्याने डोळे मिटले. समोर कुणी आहे असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. तो तिच्यासाठी म्हणायला लागला, आजारी माणसाला औषध पाजावं तसं. "हे प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांनी ते शिजवलं त्यांना आशीर्वाद दे. जे उपाशी आहेत त्यांना दे. आणि आमच्या बिट्टीला सुखरूप ठेव..."

सवयीने जीभ तिथवर गेली होती.

त्याने डोळे उघडले तेव्हा बायको त्याच्याकडेच बघत होती. ती आमेन म्हणाली नाही. तिने पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि चावायला लागली, गिळता येत नसतानाही चावत राहिली. मास्तरने तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला आणि आपलंही ताट जवळ ओढलं.