सिंधूचं सावकाश रक्त

सिंधू भंगाळेने लेकीच्या वेणीचा पहिला पेड घातला तेव्हा लेक पहिलीत होती. रिबन बांधून झाली तेव्हा ती चौथीत गेलेली होती. मधल्या काळात ऋजुता कितीदा उठून शाळेत गेली आणि परत येऊन पाठमोरी बसली, ते सिंधूला नुसतं वाऱ्यासारखं जाणवलं होतं.

“आई, तुझे हात गार आहेत,” ऋजुता म्हणाली. तिचा फ्रॉक आखूड झाला होता.

सावद्यात ऊन मी म्हणत होतं, पत्रे तापून कडकड वाजत होते आणि सिंधू शाल पांघरून बसली होती. नवरा प्रल्हाद तिला दिसायचाच नाही, इतका तो भरभर वावरायचा. मग तो तिच्यासमोर उभा राहून एकेक शब्द ताणून धरायला शिकला. “आपण डॉक्टरांकडे जाऊ” एवढं वाक्य त्याला अख्खा उन्हाळा पुरलं.

वारके डॉक्टरीणबाईंनीही तसंच ताणून विचारलं, “थकवा येतो? केस गळतात? आवाज बसलाय?”

“हो.”

“थायरॉईड मंदावलंय. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची. त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. अधूनमधून रक्त तपासायचं, त्यावर डोस ठरवू.”

“किती दिवस?”

“कायम.”

लॅबमध्ये सोनवणेने दंडाला पट्टा बांधला आणि सुई टोचली. रक्ताचा पहिला थेंब नळीत उतरला तेव्हा भिंत निळी होती. नळी भरली तेव्हा ती पिवळी झाली होती, आणि सोनवणेच्या मिशा पिकल्या होत्या.

“घाई नाही,” तो म्हणाला.

खिडकीबाहेर केळीची बाग होती. सिंधूच्या डोळ्यांदेखत कोवळ्या पानाची सुरळी खळ केलेल्या लुगड्यासारखी करकरत उलगडली. केळफुलाचं कमळ बाहेर पडलं, वाकलं, त्याचं एकेक जांभळं पान उचललं गेलं आणि खाली फण्या भरत गेल्या. सूर्य पाखरासारखा या टोकाकडून त्या टोकाकडे जात होता. जन्मभर ती याच बागांमधून चालली होती आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सुई शिरेत आहे हेही ती विसरली.

“हे नेहमी असंच चालू असतं?” तिने विचारलं.

“काय?” सोनवणे म्हणाला.

गोळी सुरू झाली. पहिल्याच सकाळी, चहाची वाट पाहत असताना, ऋजुता दहावी पास झाली. पेढा घेऊन आली, पाया पडली. तास सरला नव्हता म्हणून सिंधूने पेढा हातातच धरला. तो खाल्ला तेव्हा दगडासारखा कडक झाला होता.

पुन्हा रक्त दिलं, डोस वाढला. मग एका सकाळी बोलताना ऋजुताचे ओठ हलताना दिसले. दोघी ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या आणि दोघींची टरफलं बरोबरीने पडत होती.

“आता मी भरभर जाते का गं?” ऋजुताने विचारलं.

“नाही. बसलीयेस तू.”

ऋजुता हसली, आणि ते हसू सुरुवातीपासून शेवटापर्यंत सिंधूला मिळालं. पण हिवाळ्यात पुन्हा शाल निघाली, पायांवर सूज आली, आणि लेकीच्या कडा पुसट व्हायला लागल्या. त्यातच कुणीतरी सांगितलं की ऋजुताला राहुरीला नोकरी लागली आहे.

“मला तिला जाताना बघायचंय,” सिंधू म्हणाली.

वारके बाईंनी नवा रिपोर्ट पाहिला. “डोस थोडा वाढवावाच लागेल. पण जास्त झाला तर उलटं होतं, हे लक्षात ठेवा.”

“उलटं म्हणजे?”

“तेव्हा कळेल तुम्हाला.”

डोस वाढला, आणि ऋजुता निघाली त्या दिवशीच पुन्हा रक्त द्यायचं होतं. आईला लॅबमध्ये सोडून ती तशीच स्टँडवर जाणार होती. ती दारात उभी राहिली, खांद्याला बॅग. या वेळी नळी चुटकीसरशी भरली. सोनवणेने सुई काढली आणि कापसाचा बोळा पुढे आणला. एक थेंब निसटला.

तो पडला नाही.

सोनवणेचा हात बोळ्यासकट थांबला होता. बाहेर केळीची पानं वाऱ्यात झुकलेली होती, तशीच राहिली. सिंधू जराही गार नव्हती. तिचं काळीज एकसारखं धडधडत होतं आणि आणखी कशाचाही आवाज नव्हता. ती वाकली. थेंबाच्या आत खिडकी होती, बाग होती आणि दारातली ऋजुता होती, सगळं लाल आणि उलटं.

सिंधू उठून लेकीजवळ गेली. हनुवटीखाली एक तीळ होता. भुवईत जुना व्रण होता. कधी पडली असेल, जखम कुणी धुतली असेल. कानामागचे केस घामाने चिकटले होते. ऋजुताची पापणी मिटायला निघाली होती आणि अर्ध्यावर होती. सिंधू तिच्यासमोर उभी राहिली आणि बघत राहिली.