मिठाचा पाठ

मास्तर घडवण्याचं आमचं सरकारी कॉलेज जयपूरला, सिविल लाइन्सच्या पलीकडे होतं. तिथे मी एकसष्ट साली दाखल झाले. आमचे हिंदुराव लष्करात. छावणीत दिवसभर करायचं काय, म्हणून. मधुमतीबाई मात्र गरजेपोटी आल्या होत्या. मिरजेच्या शाळेत त्यांनी आठ वर्षं शिकवलं होतं. यजमानांची विम्याच्या कचेरीत इकडे बदली झाली, आणि इथल्या शाळेनं सांगितलं, पदवी आणा, तोवर नोकरी तात्पुरती. नापास झाल्या तर जागा जाणार होती. आणि या बाईंना शिकवल्याशिवाय अन्न गोड लागत नसे.

पाठ कसा द्यायचा हे आमचे प्राध्यापक भार्गवजी सांगत. आधी मुलांना सोपे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं आली पाहिजेत. शेवटचा प्रश्न मात्र असा, की वर्ग गप्प बसला पाहिजे. मग आपण गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, तर आज आपण हेच शिकू. याला हेतुकथन म्हणत. वर्ग गप्प बसला नाही तर हेतू आणायचा कुठून, आणि हेतू नाही तर तक्ता लटकवायचा कशाला?

सरावासाठी आवारातच एक शाळा होती. कॉलेजात धड तक्ता एकच, सांभर सरोवरातल्या मिठाचा. म्हणून जो येई तो सहावीला मीठच शिकवी. पोरांना सगळं पाठ होतं, आणि कुठे मुकं व्हायचं तेही पाठ होतं. माझ्या वेळी तर एकानं आठवत असल्यासारखं डोकंसुद्धा खाजवलं. मी पहिल्या वर्गात पास झाले.

मधुमतीबाईंच्या परीक्षेला मी मागच्या बाकावर निरीक्षणाला होते. शेजारी भार्गवजी आणि बाहेरगावचे परीक्षक. पहिले प्रश्न छान झाले. भाजीला चव कशानं येते, मीठ कुठून आणतात, सगळं आलं. मग बाईंनी शेवटचा प्रश्न टाकला, "नमक बनता कैसे है?"

वर्ग शिस्तीत मुका झाला. आणि तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. सुगना. नुकतीच शाळेत आलेली, वर्गाची रीत तिला कुणी सांगितली नव्हती.

"झील का पानी क्यारियों में भरते हैं, बहनजी. धूप में सूख जाता है, नमक रह जाता है."

"शाबाश. तुम्हें किसने बताया?"

"परसों वाली बहनजी ने. उससे पहले मास्टरजी ने. सबको आता है."

परीक्षकांनी भार्गवजींकडे पाहिलं. भार्गवजी छताकडे पाहत होते. माझा जीव टांगणीला लागला. 'बैठो' म्हणायचं आणि हेतू सांगून टाकायचा, एवढंच तर करायचं होतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

बाईंनी गुंडाळलेला तक्ता टेबलाखाली ठेवला. "आता है तो फिर क्यों पढ़ें? जो नहीं आता, वह पूछो."

थोडा वेळ कुणाला खरंच वाटेना. मग सुगनानंच विचारलं, पाणी सुकतं म्हणजे जातं कुठे? दुसरा म्हणाला, वर. तिसरा म्हणाला, मग पाऊस खारट का नाही? वर्गात जुंपली. बाईंनी फळ्यावर पाणी शिंपडलं, ओली पाटी उन्हात ठेवली, भांडणाऱ्यांना आणखी भांडू दिलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. वर्षभरात त्या वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी शिकत होतं, म्हणून मला आधी ओळखूच आलं नाही.

निकाल लागला. बाई नापास. शेरा होता, पाठाला हेतू नव्हता. भार्गवजी माणूस वाईट नव्हते. ते बाईंना हळहळून म्हणाले, "आपने पढ़ाया बहुत अच्छा, मधुमतीजी. लेकिन पाठ नहीं दिया."

नोकरी गेली. बाई वर्षभर घरी बसल्या. मी त्यांच्या खोल्यांवर गेले की चहा करत, पण शाळेचा विषय काढत नसत. मला मात्र त्या सरावाच्या शाळेतच घेतलं, सुगनाचा वर्ग देऊन. देव देतो तेव्हा असंच, दात नसणाऱ्याला चणे.

सुगनाला रीत कुणी शिकवली म्हणाल, तर भार्गवजींनी नाही. वर्गातल्या पोरींनीच मधल्या सुट्टीत तिला गाठलं. तू बोललीस म्हणून त्या बहनजींची नोकरी गेली, म्हणाल्या. पोर दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा परीक्षेला बसल्या. वर्ग आता सातवीत गेला होता, पण तक्ता तोच, म्हणून सातवीलाही मीठच. परीक्षकही तेच. बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला आणि सुगनाकडे पाहिलं. वर्ग मुका. बाई थांबल्या. नियमापेक्षा जास्त थांबल्या. ती पोर बोलावी म्हणून त्या थांबल्यात हे मला दिसत होतं. पदवी गेली खड्ड्यात, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

सुगनानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ओठ मिटून घेतले.

"तो आज हम यही पढ़ेंगे," बाई म्हणाल्या. तक्ता लटकला, गृहपाठ झाला, घंटेला पाठ संपला. पहिला वर्ग मिळाला. परीक्षकांनी मुद्दाम लिहिलं, गेल्या वर्षीच्या मानानं लक्षणीय प्रगती.

आम्ही दोघी व्हरांड्यात आलो तेव्हा सुगना धावत मागून आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"बहनजी, इस बार मैंने नहीं बताया."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. शाबासकी त्यांच्या तोंडातून निघेना, आणि पोर तिची वाट बघत तशीच उभी राहिली.