खाच नव्हती

गरम रक्त बर्फावर पडलं की आत शिरतं. वरून पुसून निघत नाही. ते खरवडावं लागतं, मग खड्ड्यात बर्फाचा चुरा दाबून पाणी ओतायचं आणि गोठेपर्यंत थांबायचं. कॅनडाच्या सीमेजवळच्या एका कॉलेजच्या आइस हॉकीच्या रिंकवर हे काम बारा वर्षं माझ्याकडे आहे. त्याआधी नागपुरात बर्फाच्या कारखान्यात आकड्यानं लाद्या ओढल्या. मुलगी मैत्री इथं शिकवायला आली, मागून मी आलो, आणि घरात बसवेना म्हणून रिंकवर लागलो.

त्या शनिवारी दुपारी सामना होता. आमच्याकडून सतरा नंबरचा जय खेळत होता. त्याचा बाप धम्मदीप माझ्या नागपूरच्या मित्राचा मुलगा, आता इथून पाच तासांवर पार्सिपनीत कॉम्प्युटरच्या नोकरीत. जय कॉलेजात आला तेव्हा धम्मदीप मला म्हणाला होता, "काका, हा आता तुमचा." चार वर्षं पोरगं रविवारचं माझ्याकडे जेवलं. त्याचे स्केट मीच धार लावून दिले.

मी बर्फ सपाट करायच्या मशीनच्या दारात उभा होतो. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कोपऱ्यात गेला. समोरच्या संघाचा केनी पाठ करून त्यावर वाकला. जय लांबून आला आणि त्याच्या पाठीत घुसला. केनीचं हेल्मेट उडालं. कठडा आणि वरची काच जिथं मिळतात त्या कडेवर त्याचं कपाळ फुटलं आणि तो खाली आला, हात न टेकता. हात न टेकता पडलेला माणूस मी कारखान्यात एकदा पाहिला होता. तो पुन्हा उठला नाही.

केनीच्या जोडीदारानं जयच्या अंगावर उडी घेतली. जयनं हातमोजा टाकला, त्याच्या तोंडावरची जाळी वर खेचली आणि नाकावर बुक्क्या मारल्या. एक, दोन, पाच. चौघांनी ओढलं तेव्हा सुटला. रेफरीनं त्याला बाहेर काढलं. जाताना तो माझ्या शेजारून गेला. त्याच्या बोटांवरून रक्त ठिबकत होतं आणि ते त्याचं नव्हतं.

आमच्या संघाच्या दुखापती बघणारी ट्रेनर ओर्टेगा बर्फावर पालथी पडून केनीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून होती. अकरा मिनिटं. स्ट्रेचर गेल्यावर मी खरवडणी घेऊन गुडघ्यावर बसलो.

थांबायला गेलं की स्केट आडवा होतो, चुरा उडतो, रुंद पांढरा फराटा राहतो. तिथं फराटा नव्हता. तिरपे काप होते. डावा, उजवा, डावा. प्रत्येक आधीच्यापेक्षा खोल, आणि शेवटचा कठड्यापासून हातभर. असे काप वेग वाढवणारा पाडतो.

रक्त दोन हात जागेत होतं. मी सहा हात खरवडलं.

रविवारी जय जेवायला आला. केनीच्या मानेचं हाड मोडलं होतं, पाय हलत नव्हते. मैत्रीनं वाढलं. जयनं भात दोनदा घेतला.

"आजोबा, तिकडे rut होता. बर्फात खाच. माझं ब्लेड अडकलं."

"कुठं?"

"कोपऱ्यात. कोच पण तेच सांगणार आहे. व्हिडिओत रेफरीची पाठ मधे येते, so nobody knows. उद्या मीटिंगमध्ये तुम्ही फक्त हो म्हणा."

मीटिंग ब्रॉडी कपची होती. वर्षातल्या उत्तम खेळाडूला तो मिळतो. ब्रॉडी हा इथला पहिला बर्फवाला. त्यानंच कप सुरू केला, म्हणून पाचांतलं एक मत कायम बर्फवाल्याचं.

जय गेला आणि धम्मदीपचा फोन आला. "जय भीम काका. बघा, कप मिळाला तर व्यावसायिक संघ करार करतोय. विहारात सत्कार ठरलाय, हॉलपण बुक केला. खाच होती म्हणायला तुमचं काय जातं?"

"माझी नोकरी जाते, धम्मदीप."

"तुम्ही एकाहत्तरचे आहात काका! किती दिवस बर्फ घासणार?"

नोकरी गेली असती तरी मला चाललं असतं. त्या पोरासाठी मी तेवढं सोडलं असतं. केनीचे पाय मात्र मी कुठून आणणार होतो?

सोमवारी दुपारी रिंकच्या माडीवर आम्ही पाच जण बसलो. कोच डनली, ट्रेनर ओर्टेगा, सामन्याचं वर्णन करणारा रेडिओवाला फिंच, जुना खेळाडू हॅल आणि मी. दोनच नावं उरली होती. जय आणि गोलकीपर लिंडेन.

"एकतीस गोल," कोच म्हणाला. "विषय संपला."

"लिंडेननं एका सामन्यात बावन्न शॉट अडवले," फिंच म्हणाला. "मोडलेल्या अंगठ्यानं."

"अडवायलाच ठेवलाय त्याला. आता काय दाराच्या खांबालाही कप देणार?" हॅल हसला. त्याचं नाक तीनदा मोडलेलं आहे आणि तो ते सगळ्यांना सांगतो.

ओर्टेगा हसली नाही. "मी त्या पोराचं डोकं धरलं होतं. तो मला विचारत होता, माझे पाय कुठे आहेत. जयला मी मत देणार नाही."

"हॉकी आहे ही, बाई. आमच्या वेळी हेल्मेटसुद्धा नव्हतं."

"ते कळतंय, हॅल. बोलायला लागलास की कळतंच."

हॅलनं टेबलावर मूठ आपटली. फिंचची कॉफी सांडली. फिंच म्हणाला, "मागून मारणाऱ्याला आमच्या गावात दुसरं नाव आहे." हॅल उठला, फिंचची गळपट्टी धरली आणि त्याला खुर्चीसकट भिंतीवर दाबलं. खुर्चीचा पाय मोडला. मी आणि ओर्टेगा मधे शिरलो. हॅलचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फुटला.

"बस करा!" कोच ओरडला. "अपघात होता तो. बर्फात खाच होती, ब्लेड अडकलं. बर्फ खराब ठेवला तर पोरगं काय करेल? राम, सांग यांना."

चौघंही माझ्याकडे बघत राहिले. मतं दोन-दोन होती.

"राम," कोच हळू आवाजात म्हणाला, "तुला कोणी काही म्हणणार नाही. माझा शब्द."

मी रुमालानं ओठ दाबला. "खाच नव्हती."

"काय?"

"खाच नव्हती. मी गुडघ्यावर बसून बघितलं. त्यानं थांबायचा प्रयत्न केला नाही. कठड्यापर्यंत जोर लावत गेला. तीन काप होते."

"कुठे आहेत ते काप?"

"मी खरवडले."

"का?"

"माझा पोरगा आहे तो."

कोचनं कॉफीचा मग उचलून फेकला. माझ्या कानाशेजारून जाऊन तो भिंतीवर फुटला. "म्हातारा खोटारडा आहे! पुरावा स्वतःच पुसला म्हणतो आणि आपण ऐकून घ्यायचं?"

"कागद दे," मी म्हणालो. कागदावर लिंडेनचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि ओर्टेगाच्या हातात दिला.

खाली स्केट धार लावायच्या खोलीत आलो तर जय तिथंच होता. कोचनं त्याला आधीच फोन केला असावा. त्यानं दार लावलं.

"तुम्ही आपले ना, आजोबा?"

"हो."

त्यानं स्टिक उचलून धारेच्या मशीनवर घातली. स्टिक तुटली. उरलेला तुकडा दोन्ही हातांत आडवा धरून त्यानं तो माझ्या छातीवर दाबला आणि मला फळीवर रेटलं. एक बरगडी मोडल्याचं मला ऐकू आलं. दांडा वर सरकून गळ्याशी आला.

"चार वर्षं! चार वर्षं मी याच्यासाठी उलट्या होईपर्यंत पळालोय! का सांगितलं?"

"तू का मारलंस?" मी कसंबसं विचारलं. "तो काही बोलला होता?"

"काही नाही बोलला."

"मग?"

त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. चार वर्षांत इतक्या जवळून मी तो पाहिला नव्हता.

"पाठ दिसली," तो म्हणाला. "I knew I could get there. पोचता येत होतं. So I went."

दांडा अजून गळ्यावर होता. मी हलू शकत नव्हतो आणि सुटायचा प्रयत्नही करत नव्हतो. मग त्यानंच हात सोडले. दांडा खाली पडला. तो दाराला टेकून जमिनीवर बसला. मी फळीला धरून उभा राहिलो. श्वास आत घेतला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं.

फळीवर माझा फोन वाजत होता. धम्मदीप. हात उचलवेना म्हणून बोटानं स्पीकर लावला.

"काका! काय झालं? मिळाला का? लोक विचारतायत."

"गाडी काढ आणि इकडे ये," मी म्हणालो. "तुझ्या मुलानं त्या पोराची मान जाणूनबुजून मोडली. आता माझी बरगडी मोडली. दारात बसलाय. तू ये."

 

"काका," धम्मदीप म्हणाला, "तो चौदा वर्षांचा होता तेव्हा इथं पण... एका मुलाचा खुबा मोडला होता. त्याच्या आईबापांना मी भेटलो. बर्फ खराब होता असं मीच सांगितलं. जयला पण मीच शिकवलं, असं म्हण म्हणून."

"Baba, stop," जय खालून म्हणाला.

धम्मदीपला त्याचा आवाज ऐकू गेला. "जय? तू ऐकतोयस?"

जयनं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं.

"मी निघतो. पाच तास लागतील. तू तिथंच बस, काकांपासून हलू नकोस. नाही, नको... काका, तुम्ही आधी डॉक्टरला फोन करा. आणि पोलिसांना. मी आल्यावर नको. आताच करा."

त्यानं फोन ठेवला. मी नंबर लावायला लागलो तसा जय उठला. मी मागे सरकलो, बरगडीत कळ आली. तो माझ्याकडे आला नाही. त्यानं दाराची कडी काढली, दार उघडं टाकलं आणि पुन्हा खाली बसला.