तेओफिलोची पेटी

पेटी परत आली तर माणूस मेला, पेटी नाही आली तर माणूस पळाला. ब्रावा बेटावर हा ठोकताळा इतका पक्का होता की त्यात पाद्रीबाबासुद्धा तोंड घालत नसत. अमेरिकन गलबतं व्हेलच्या शिकारीला निघाली की वाटेत बेटावरचे गडी उचलायची. दोन-तीन वर्षांनी कुणी परतायचं, कुणाची नुसती सामानाची लाकडी पेटी दारात यायची, मग सगळा गाव गळा काढायचा. तेओफिलोची पेटी कधी आलीच नाही. घेऊन उतरला असेल कुठल्यातरी बंदरात, दुसरं काय! पोटुशी बायको मागे टाकून चालता झाला मेला.

त्याची मुलगी फेलिस्मीना (तिकडे मोठ्या बाईला मानाने ‘न्या’ म्हणतात, म्हणून पुढे न्या फेलिस्मीना) हे ऐकतच वाढली. गल्लीतली पोरं तिला ‘पळपुट्याची पोर’ म्हणायची. अठराव्या वर्षी तीही बोटीत बसून अमेरिकेत, न्यू बेडफर्डला आली. बाकीच्या बायका गिरणीत नोकरी मिळेल म्हणून आल्या, ही आली बापाची गचांडी धरायला. धक्क्यावर ब्रावाचा कुणी म्हातारा दिसला की सरळ त्याच्यापुढे उभी राहून त्याचं नाव विचारायची. बाप काही सापडला नाही. मग जेवणाआधी लोक देवाचं नाव घेतात तसं तिने बापाला शिव्या घालणं सुरू केलं. चुलीवरचा मक्याचा काचूपा करपला, दोष तेओफिलोचा. छप्पर गळलं, तेओफिलो. नवरा दारू पिऊन आला, तोही तेओफिलोमुळेच!

आता तिने ऐंशी ओलांडली होती. डॉक्टरांनी तिच्या मुलीला, अर्मिंदाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे हृदय उन्हाळा काढेल असं वाटत नाही. अर्मिंदाच्या जिवाला घोर लागला. मरणाचा नव्हे, मरण तर सगळ्यांनाच आहे. पण एवढा राग पोटात घेऊन आई जाणार, हे तिला बघवेना. आजोबा पळालेच नसतील तर? तो काटा एकदा निघाला तर म्हातारी सुखाने डोळे मिटेल.

म्हणून ती अख्खा हिवाळा ग्रंथालयाच्या तळघरात जाऊन बसली. गलबतांवरच्या माणसांच्या याद्या, रोजनाम्यांच्या फिल्मा, किचकट अक्षर, डोळ्यांची पार आग व्हायची. शेवटी ‘मेरी ऑल्डन’ नावाचं गलबत सापडलं आणि त्याच्या रोजनाम्यात तेओफिलोही सापडला. रविवारी चर्चहून आल्यावर तिने आईला स्वयंपाकघरात बसवलं. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

“ममाय, तुझा बाप पळाला नव्हता.”

“तुझं काहीतरीच! पेटी कुठे मग?”

“पेटी विकली गं त्यांनी! काही गलबतांवर मेलेल्याचं सामान डोलकाठीपाशी मांडायचे आणि बरोबरचे गडी बोली लावायचे. सगळं लिहून ठेवलंय. डगला स्वयंपाक्याने घेतला. सुरी शेजारच्या फोगो बेटावरच्या कुणी घेतली. फुलाफुलांचं चीट होतं चार वार, ते सुताराने घेतलं. रिकामी पेटीसुद्धा गेली.”

“चीट? पुरुषाला चीट कशाला लागतं?”

“तुझ्यासाठी घेतलं असेल. झबल्याला.”

मग म्हातारीने विचारलं, “मेला कसा?”

“भाला लागलेला व्हेल दोरासकट खाली गेला. दोराचं वेटोळं त्याच्या पायात अडकलं. पुन्हा वर आलाच नाही. अठराशे सत्त्याण्णवचा नोव्हेंबर होता.”

“मी फेब्रुवारीतली.”

“हो. तू पोटात होतीस.”

“म्हणजे मी जन्मले तेव्हा तो नव्हताच?”

“नव्हता ना! तेच तर सांगतेय ममाय. त्याने टाकलं नाही तुला.”

अर्मिंदा वाट बघत होती, आता आई रडेल, आता हसेल, निदान देवाचे आभार तरी मानेल. न्या फेलिस्मीनाने यातलं काहीच केलं नाही.

“अगं, मी शिव्या घालत होते ते तो ऐकतोय म्हणून. कुठेतरी खुर्चीत बसून खोकत असेल, त्याला ठसका लागत असेल, असं वाटायचं मला. वाईट होता, पण बाप होता. हे घर तरी का सोडलं नाही मी? तू किती मागे लागलीस. धक्क्यापासून जवळ म्हणून नाही सोडलं. आला असता तर? आणि आज या वयात तू मला पोरकं केलंस.”

काटा काढायला म्हणून अर्मिंदा गेली आणि म्हातारीच्या हातची काठीच काढून घेतली तिने.

संध्याकाळी म्हातारीने काळे कपडे चढवले आणि फर्मान सोडलं, सुतक पाळायचं, रीतीने. आरसे झाका, बैठकीत पांढरं कापड घातलेलं मेज मांडा, बायकांना बोलवा. “ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्याचं सुतक? लोक हसतील ममाय,” अर्मिंदा म्हणाली. पण कुणी हसलं नाही. ब्रावाच्या सगळ्या बायका आल्या, कॉफी आली, भिंतीला लागून खुर्च्या लागल्या.

रीत अशी की सर्वांत जवळच्याने आधी हेल काढायचा. मेलेल्याला नेहमीची हाक मारायची, त्याने काय काय केलं ते त्यालाच सांगत रडायचं. मग बाकीच्यांनी सूर धरायचा. शेजारच्या न्या जुस्तिनाने कोपराने ढोसलं. “चल, सुरुवात कर. तुझा बाप आहे.”

न्या फेलिस्मीनाने तिचं कोपर बाजूला सारलं.

“काय सांगू गं? रडायला आठवण लागते.”

“माझ्या बापाची घे,” जुस्तिना हळूच म्हणाली. “खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा मला. कुणाला कळतंय?”

“नको. खोटं नको.”

बापाला काय हाक मारायची तेसुद्धा म्हातारीला ठाऊक नव्हतं. शिव्या पाठ होत्या, पण त्या आता द्यायच्या कुणाला? शेवटी तिने मान वर केली आणि म्हणाली, “पापाय.” लहान मूल अंधारात शिरण्याआधी विचारतं तसं. अर्मिंदाने हा शब्द आईच्या तोंडून उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. “पापाय?” ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

आता मात्र कुणालाच राहवेना. बायकांनी एकच गळा काढला. न्या फेलिस्मीना तेवढी रडत नव्हती. तिने अर्मिंदाचा हात ओढून तिला जवळ घेतलं.

“ओ देत नाही गं तो,” ती म्हणाली.