हुलग्यातली राख

यंत्राच्या नळीतली ती गोळी, वाटाण्याएवढीही नाही, दोनच्या रेघेवर तरंगत होती, किंचित थरथरत, आणि दादासो सकाळपासून तिच्याकडे पाहत होते. म्हणजे पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंच, पण तेहेतीस वर्षं काटे आणि दिवे पाहण्यात गेलेल्या माणसासमोर काही हलतं असलं की त्याची नजर तिथून निघत नाही. मिनिटाला दोन लिटर प्राणवायू. यंत्रातून निघालेली बारीक नळी फरशीवरून खाटेपर्यंत गेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हरणाबाई होती, त्यांची बायको, पाठीशी दोन उशा घेऊन बसलेली. आडवं झालं की तिला दम लागायचा. आटपाडी तालुक्यातलं गाव सोडून मिरजेला लेकीच्या, मायाच्या घरी येऊन त्यांना तिसरा आठवडा लागला होता. अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं.

यंत्र घरातल्या विजेवर चालायचं. कुठल्या केंद्रातली वीज या तारेतून येते ते कुणालाच सांगता येत नाही, सगळी एकात एक मिसळलेली... पण दादासोंना वाटायचं की असेलही, विदर्भातल्या आपल्याच केंद्रातली असेल. तिथल्या बॉयलरवर ते लागले तेव्हा मेंढरांमागे न गेलेला घराण्यातला पहिला माणूस म्हणून गावाने त्यांना मारुतीच्या देवळात नारळ दिला होता. हरणाबाई तेव्हा नवी नवरी. कॉलनीतल्या दोन खोल्यांत आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिने विचारलं होतं, "वीज करत्यात मंजी काय करत्यात वो?" आणि त्यांनी ताटात भात-आमटी कालवता कालवता समजावलं होतं: कोळसा दळायचा, आधी पिठासारखा, मग त्याहून बारीक, अंगाला लावायच्या पावडरीसारखा, गरम हवेबरोबर तो भट्टीत फुंकायचा, भट्टीच्या भिंती म्हणजे नळ्याच नळ्या, त्यांतलं पाणी तापून वाफ होते, ती वाफ चक्राच्या पात्यांवर आदळते आणि चक्र फिरतं, मिनिटाला तीन हजार फेरे, चक्राच्याच दांड्यावर लोहचुंबक, ते तारांच्या वेटोळ्यांत फिरलं की तारांत वीज. वाफ थंड होऊन पुन्हा पाणी, पुन्हा तेच पाणी नळ्यांत.

"मंजी पाणी मेंढरावानी," ती म्हणाली होती, "जातंय आन माघारी येतंय. आन राख? राख कुठं जाती?"

राखेचं कुणी विचारत नाही. पाहायला आलेले पुढारी, शाळेच्या सहली, सगळे चक्राचे फेरे विचारतात, चिमणीची उंची विचारतात. हिने राख विचारली याचं त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं. मग त्यांनी तेही सांगितलं. धुराच्या वाटेत पत्र्यांच्या रांगा टांगलेल्या असतात, तिथं विजेच्या जोरावर राख पत्र्यांना चिकटते, ठरल्या वेळाने हातोडे पडतात, आणि राख झडून खाली मोठमोठ्या नरसाळ्यांत साठते. तासाला दीडशे टन कोळसा, त्यातली पन्नास-पंचावन्न टन राख...

"पन्नास टन," हरणाबाई म्हणाली, "आन माझ्या घरात चिमूटभर न्हाई."

कारण कॉलनीत गॅस होता. चूल नाही, गोवऱ्या नाहीत, मग राख कुठली? आणि राखेशिवाय तिचं घर चालत नव्हतं. भांडी राखेनं घासायची, आणि माहेरून आलेले हुलगे, मटकी डब्यात राख घालून ठेवायची, म्हणजे किडा लागत नाही. तिची आई तसंच करायची, आईची आईही. दुसऱ्या दिवशी दादासो पाळी संपल्यावर नरसाळ्याखाली गेले, खालचं झाकण जरा सैल केलं आणि खताचं रिकामं पोतं अर्धं भरून घेतलं. तिथं पाटी होती. पाटीवर लिहिलेलं पाळायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती, म्हणून त्यांनी तोंडावर मास्क चढवला होता.

मी मास्क चढवला होता. पोतं भरून झाल्यावर मी तो काढला, झटकला, खुंटीला अडकवला आणि पोतं सायकलला लावून घरी आलो. एकदा नाही... दर महिन्याला, वर्षानुवर्षं. आणि त्या झटकण्यात नि सायकल काढण्यात माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

ती मागच्या पडवीत बसून राख चाळायची. वाऱ्याने उडू नये म्हणून दार लावून घ्यायची. खडा असा नव्हताच तिच्यात, पण चाळल्याशिवाय तिला चैन नसे. शेजारच्या चार बायकांना वाटायची, साहेबाच्या बायकोने मागून नेली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. चाळून उठली की भुवया, पापण्या, कपाळावरचे केस पांढरे. "म्हातारी झाले बगा," म्हणून समोर उभी राहायची, चोवीस वर्षांची, आणि ते हसायचे. पोट धरून हसायचे.

रिक्षातून दवाखान्यात जाताना बरोबर छोटं सिलिंडर होतं, ते दादासोंनी मांडीवर धरलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी फोटो उजेडावर लावला आणि फुफ्फुसांतले ठिपके दाखवले. असं पुष्कळ वर्षं बारीक धूळ आत गेल्यावर दिसतं, चुलीच्या धुरानेही काही वेळा होतं, नक्की एकच कारण सांगता येणार नाही. "आजी, धुळीचं काम कधी केलंय का? दगडखाण, गिरणी असं काही?"

दादासोंनी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, पहिला शब्द जिभेवर होता...

"न्हाई वो डाक्टर," हरणाबाई म्हणाली. एकेका शब्दानंतर ती थांबत होती. "मी सावलीत. घरात. राखंत राबलं ते ह्ये. म्हून म्हंते, बरं झालं. मला झालं. ह्यास्नी न्हाई झालं."

आणि ती हसली. गेले तीन महिने तिच्याजवळ सुखाचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. नवरा धुरात, राखेत नोकरी करून धडधाकट राहिला, त्याच्यावरचं आपल्यावर निभावलं. शेजारणींना, भावाला, भेटायला येईल त्याला ती हेच सांगायची. दादासोंनी तोंड मिटलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, बहुतेक चूल.

परत आले तर धुळा, तिचा धाकटा भाऊ, सकाळच्या एसटीने गावाहून येऊन बसला होता. पायाशी पत्र्याचा डबा. तिनेच फोनवर मागवला होता.

"अक्के, डबा आणलाय बग. हुलगं हायती, एकाला बी किडा न्हाई," धुळा म्हणाला. "आट वर्सं झाली, पर राख कशी हाय बग, लोण्यावानी."

निवृत्तीच्या वेळी सामान बांधताना शेवटचं पोतं तिने हट्टाने गावी आणलं होतं. त्यातली ही राख. यंत्र सुरू झालं, गोळी उठून दोनच्या रेघेवर आली, आणि हरणाबाई खाटेवर टेकता टेकता लेकीला म्हणाली, "माये, हुलगं चाळून घे. राख येगळ्या डब्यात काढ, तुला मटकीला हुईल. आसली राख आता मिळायची न्हाई. दार लावून घे, उडंल."

मायाने चाळण आणली. दार लावलं. डब्याचं झाकण बोटांनी उचकटलं, आणि झाकणाच्या कडेवरून करडी, मऊ राख वाफेसारखी किंचित वर आली.

"हात लावू नको त्याला!"

आवाज आपलाच आहे हे दादासोंना उशिरा कळलं. बॉयलरच्या घरघरीत हाक मारायचे तसा तो खोलीभर झाला होता. माया चाळण धरून तशीच उभी. धुळा त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला.

"काय झालं आप्पा?" मायाने विचारलं.

ते उठले, झाकण दाबून बसवलं, डबा उचलून पोटाशी धरला. आता काहीतरी बोलायला हवं होतं, हुलगे खराब आहेत, नंतर करू, काहीही. राखेचा संशय मनात आल्यापासून दोन महिने ते असंच काही ना काही बोलत आले होते. पण या वेळी त्यांनी हरणाबाईकडे पाहिलं.

ती डब्याकडे पाहत होती. मग त्यांच्या हातांकडे, मग नाकाखालच्या नळीवरून बोट फिरवत, लावलेल्या दाराकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. काहीतरी सावकाश मागं मागं जात होतं, या खोलीतून गावच्या घरात, तिथून कॉलनीच्या पडवीत, आणि ते थांबवणं आता त्यांच्या हातात नव्हतं.

"आवं," ती म्हणाली. श्वास घेतला. "आशी किती पोती... आणली आसतील वो तुमी?"

तासाला दीडशे टन, मिनिटाला तीन हजार फेरे, चक्राला जाणाऱ्या वाफेचा दाब, सगळं त्यांना झोपेतही तोंडपाठ होतं. पोती त्यांनी कधी मोजली नव्हती. ते डबा पोटाशी धरून उभे राहिले. इतके दिवस छातीवर होतं ते उतरेल असं वाटलं होतं, पण ते उतरलं नाही, नुसतं तिच्याकडे सरकलं. आणि आपण तिच्याजवळ उरलेलं ते एवढंसं सुख आत्ता, भरदिवसा, लेकीच्या देखत काढून घेतलं हे त्यांना कळत होतं. ती उत्तराची वाट बघत होती, आणि ते महिने मोजायला लागले.